मदत हवी आहे: परदेशातून व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सने) साक्ष द्यायची आहे, वकील तयार नाहीत

पारिजात_७
तातडीची मदत हवी आहे. आमच्या दाव्यात पुढच्या महिन्यात माझा उलटतपास आहे. मी परदेशात, नोकरी नवीन, रजा मिळत नाही. वकिलांना म्हटलं व्हीसीवर साक्ष घेण्यासाठी अर्ज द्या. म्हणाले, "आपल्या कोर्टात तसं चालत नाही, तिकीट काढा." कागद मागितले तर ऑफिसात येऊन झेरॉक्स न्या म्हणतात. ईमेल उघडतच नाहीत. सुप्रीम कोर्टातल्या घटनापीठाची सुनावणी २०२२ पासून घरबसल्या दिसते आणि तालुक्याच्या कोर्टात मला पडद्यावरून बोलता येऊ नये? नेमकं काय करू ते सांगा. वकील बदला असं कृपया सांगू नका, आठ वर्षांची केस आहे.

रानवारा
तरी सांगतो, बदला. बहिणीच्या केसमध्ये तरुण वकीलबाई घेतल्या. प्रत्येक तारखेचा रोजनामा, म्हणजे कोर्टात काय झालं त्याची नोंद, त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा. जुन्या माणसांना बदलायचंच नसतं.

अ‍ॅड_गोदाकाठ
दिवाणी की फौजदारी? तुम्ही वादी की प्रतिवादी? कोणता देश? सरतपासाचं (तुमच्या मूळ साक्षीचं) प्रतिज्ञापत्र झालं आहे का, आणि कुठे केलं? सीएनआर नंबर जवळ आहे का? (इथे टाकू नका.) हे कळल्याशिवाय काही सांगणं बरोबर नाही.

नाना_वाईकर
एवढं कशाला? भावाला नाहीतर आईला मुखत्यारपत्र द्या. तुमच्या वतीने ते साक्ष देतील. आमच्या घराच्या केसमध्ये मी तसंच केलं होतं.

अ‍ॅड_गोदाकाठ
नाना, हा सल्ला धोक्याचा आहे. जानकी भोजवानी विरुद्ध इंडसइंड बँक या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की ज्या गोष्टी फक्त मूळ पक्षकाराला माहीत आहेत, त्यांबद्दल मुखत्यार त्याच्या जागी साक्ष देऊ शकत नाही. तुमच्या वेळी समोरच्यांनी हरकत घेतली नसेल.

नाना_वाईकर
घेतली नव्हती हे खरं. पण निकाल आमच्या बाजूने लागला, एवढं मला माहीत आहे.

पारिजात_७
वाटणीचा दावा. आई आणि मी वादी, काका प्रतिवादी. प्रतिज्ञापत्र मे महिन्यात गावी आलो तेव्हा कोर्टातच केलं. देश जर्मनी. सीएनआर म्हणजे काय?

सोनचाफा
वाटणीचा दावा आहे तर सातबारा ताजा आहे ना? महाभूमीवर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, तलाठ्याकडे जावं लागत नाही. फेरफारही बघून घ्या, काकांनी नोंद घातली असेल तर?

पारिजात_७
सोनचाफा, धन्यवाद, पण सातबाऱ्याचा प्रश्नच नाही. कृपया साक्षीबद्दल बोला.

अ‍ॅड_गोदाकाठ
सीएनआर हा केसचा १६ अक्षरी क्रमांक. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संगणकीकरण प्रकल्पाच्या अ‍ॅपमध्ये टाकलात की पुढची तारीख आणि झालेले आदेश दिसतात. वकिलांच्या फोनची वाट बघावी लागणार नाही.

आता मुख्य मुद्दा. साक्षीदार पडद्यावर असला तरी ती साक्ष ग्राह्य असते, हे सुप्रीम कोर्टाने २००३ मध्येच ठरवलंय. खटला आपल्याच राज्याचा: महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई. साक्ष देणारे डॉक्टर अमेरिकेत होते आणि इथे यायला तयार नव्हते. तो खटला फौजदारी होता, जिथे आरोपीच्या समक्ष पुरावा घेण्याची अट असते. तिथे चाललं तर दिवाणी दाव्यात का चालू नये? "तसं चालत नाही" याचा खरा अर्थ तिथे अजून कुणी अर्जच दिलेला नाही, असा असतो. मी स्वतः तालुक्याला वकिली करतो, म्हणून हे सांगतो.

कायदेप्रेमी
अर्जाचीही गरज नाही. सर्वेश माथूर प्रकरणात २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने व्हीसी नाकारायला बंदीच केली आहे. तो हक्क आहे.

अ‍ॅड_गोदाकाठ
तो आदेश नीट वाचा. तो मुख्यतः उच्च न्यायालयांबद्दल आहे. तालुक्याच्या कोर्टात त्याचा दाखला देऊन हक्क म्हणून उभे राहिलात तर न्यायाधीश पहिल्याच मिनिटाला नाराज होतील.

कायदेप्रेमी
आणि ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी मंजूर झाले ते कशासाठी? वकिलांनी वापरायचंच नाही म्हटलं तर पैसा जाणार कुठे?

जुनी_सनद
चाळीस वर्षं वकिली केली, म्हणून बोलतो. सगळा दोष वकिलांवर टाकू नका. आमच्याकडे दुपारी वीज जाते. ई-फायलिंग केलं तरी टेबलावर कागदाचा संच मागतात, म्हणजे काम दुप्पट. आणि उलटतपासाचं म्हणाल तर साक्षीदाराच्या शेजारी बसून कुणी उत्तरं पुरवत नाही हे मला कसं कळणार? मूळ खरेदीखत हातात देऊन "ही सही तुमचीच ना?" असं विचारताना त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते पडद्यावर दिसत नाही. या पक्षकाराच्या वकिलांना काकांच्या वकिलांची हीच हरकत येणार, हे ठाऊक असेल.

अ‍ॅड_गोदाकाठ
दादा, हरकत रास्त आहे. म्हणून तर व्हीसीच्या नियमांत रिमोट पॉइंटवर, म्हणजे साक्षीदार जिथून बोलतो तिथे, समन्वयक ठेवलाय. सुप्रीम कोर्टाच्या ई-समितीच्या आदर्श नियमांत साक्षीदार परदेशात असेल तर तिथल्या भारतीय दूतावासाचा किंवा वाणिज्य दूतावासाचा अधिकारी समन्वयक असतो. खोलीत कोण आहे ते तो बघतो.

पारिजात, अर्जात इतकं असू द्या: न येण्याचं खरं कारण आणि नोकरीचं पत्र, घरून नाही, दूतावासातून साक्ष देण्याची तयारी, खर्च आपण भरू हे, दाखवायच्या कागदांच्या प्रती आधी पाठवण्याची विनंती, आणि हे नाहीच जमलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ खाली कोर्ट कमिशन (साक्ष नोंदवायला कोर्टाने नेमलेली व्यक्ती). वेळ दुपारची मागा. इथले सकाळचे अकरा म्हणजे तुमचे हिवाळ्यात साडेसहा, तेव्हा दूतावास उघडलेला नसतो. मुंबई उच्च न्यायालयाचे व्हीसीचे नियम छापून सोबत जोडा. तुमच्या वकिलांना मोबाइलवर पीडीएफ पाठवू नका, कागद हातात द्या.

रानवारा
म्हणजे शेवटी छापाच!

पारिजात_७
मसुदा तयार करून आईबरोबर पाठवला. वकिलांनी वाचला, पहिल्यांदाच "बघू" म्हणाले. आता अडचण अशी की ते म्हणतात आधी दूतावासाची संमती आणा, आणि दूतावासाकडून उत्तर आलं की कोर्टाचा आदेश लागेल. काय करू?

अ‍ॅड_गोदाकाठ
दोन्ही एकाच अर्जात मागा: परवानगी, आणि दूतावासाला कोर्टाकडून पत्र. दूतावासाचं उत्तर छापून अर्जाला जोडा, म्हणजे आदेश आधी का हवा ते न्यायाधीशांना दिसेल. आणि अर्ज याच आठवड्यात द्या. उलटतपासाच्या तारखेला दिलात तर वेळकाढूपणा म्हणून फेटाळला जाईल.

जुनी_सनद
अर्जाची प्रत काकांच्या वकिलांना आधीच द्या. त्यांनी "हरकत नाही" लिहिलं तर काम एका तारखेत होईल. मी असतो तर सही केली असती, समन्वयक असेल या अटीवर.