साहेबाच्या दोन शब्दांवर नोकरी टिकते का?

धागा
माझं मत सरळ आहे: नोकरीतलं समाधान पगारापेक्षा साहेब कसे बोलतात यावर जास्त ठरतं. माझ्या आधीच्या साहेबांचा शुक्रवारी संध्याकाळी मेसेज यायचा, 'सोमवारी भेटा.' विषय नाही, कारण नाही. दोन दिवस पोटात गोळा. सोमवारी कळायचं, रजेच्या अर्जावर तारीख राहिली होती! मनानं वाईट नव्हते ते. पण तीन वर्षं हेच चाललं आणि शेवटी मी राजीनामा दिला. नव्या ठिकाणी पगार तेवढाच आहे, पण चूक झाली तर साहेब आत बोलावून नीट सांगतात. रविवारी रात्री झोप लागते.

प्रतिसाद १
अनुभव खरा, निष्कर्ष पटला नाही. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५०च्या दशकात सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीसांच्या मुलाखती घेतल्या. साहेबाची वागणूक प्रामुख्यानं नाराजीच्या कारणांत निघाली. समाधान आलं ते काम तडीस नेल्याचं, कौतुकाचं, जबाबदारीचं. गोड बोलणारे साहेब मीही पाहिलेत. दर महिन्याला 'तुमचं म्हणणं सांगा' अशी बैठक, वहीत टिपणं, आणि पुढच्या महिन्यात तोच ताण, तेवढीच माणसं. त्यापेक्षा तुसडा असला तरी हाताखाली दोन माणसं वाढवून आणणारा साहेब मला चालेल.

धागाकर्ता
पण कौतुक करणार कोण? जबाबदारी सोपवणार कोण? तेही साहेबच ना? वहीतल्या टिपणांचं मात्र शंभर टक्के मान्य. विचारून काहीच न करणं जास्त लागतं.

प्रतिसाद २
हुकमी, म्हणजे न विचारता हुकूम सोडायच्या, पद्धतीला सरसकट नावं ठेवू नका. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी १९३९ साली मुलांच्या गटांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात हुकमी पुढाऱ्याच्या हाताखाली काम भरपूर झालं होतं. मी पाळीत काम करतो. रात्री मशीन बंद पडलं की चर्चा नको असते, 'तू हे बघ, तू ते बघ' असं स्पष्ट सांगणारा हवा असतो.

धागाकर्ता
त्याच प्रयोगात पुढारी खोलीबाहेर गेला की हुकमी गटाचं काम ढेपाळायचं, विचारविनिमयानं चालणाऱ्या गटाचं चालू राहायचं. मशीन बंद पडल्यावर जरूर हुकूम सोडा, मी धावत जाईन. पण नंतर दहा मिनिटं बसून काय बिघडलं होतं ते तरी सांगा.

प्रतिसाद २
ती दहा मिनिटं आम्हाला कधी मिळालीच नाहीत. पाळी बदलते, आधीचे लोक निघून गेलेले असतात, रजिस्टरमध्ये फक्त 'मशीन चालू केले' एवढंच. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शोधायचं. एवढं बदललं तरी माझी अर्धी चिडचिड जाईल.