हजेरी : दहावी ब, मार्च १९९५

मुलींनो, गेल्या जूनमध्ये आपली रोल नंबर १९ गेली. दोन वर्षं ती डायलिसिसवर होती, आठवड्यातून तीन वेळा. आपल्या ग्रुपवर ती रोज सकाळी फुलाचा फोटो टाकायची, आपण खाली बदाम टाकायचो आणि कामाला लागायचो. मी इथे ठाण्यातच, वृंदावन सोसायटीत तिच्या घरी भेटायला गेले तेव्हा तिच्या सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही एवढ्या जवळच्या. तुम्हाला बोलली नव्हती का?" मला तोंड वर करता आलं नाही.

म्हणून आज हजेरी घेतेय. नावं नकोत, नंबर पुरेत, ते आपल्याला अजून पाठ आहेत. नवऱ्याची बढती आणि मुलांचे टक्के आपण एकमेकींना सांगतच असतो. तुझं स्वतःचं काय चाललंय ते लिही. एक ओळ लिहिलीस तरी चालेल.

सुरुवात माझ्यापासून, रोल नंबर ३१. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं हिशेब बघायचे. कारखाना बंद पडला, आता तिथे काचेची इमारत उभी आहे. पुढे जांभळी नाक्यावरच्या दुकानदारांची विक्रीकराची कामं घरी आणू लागले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा त्या सगळ्यांपेक्षा मीच जास्त घाबरले होते. रात्री जागून शिकले. आज माझ्याकडे चाळीस दुकानं आहेत. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला रिटर्न भरायचे असतात, ते दोन दिवस मी फोन उचलत नाही. एरवी कधीही करा, रात्री बारालाही.

रोल नंबर १२

हजर. कॅटेकिझमच्या, म्हणजे आमच्या धर्मशिक्षणाच्या, तासाला आम्ही नऊ जणी उठून दुसऱ्या वर्गात जायचो आणि तुम्ही मॉरल सायन्सला बसायचात. परत आलो की तुम्ही विचारायचात, "काय शिकवलं गं?" तेव्हा एक सांगायचं राहून गेलं, ते आज सांगते. तुम्हाला वाटायचं, कॅथलिक म्हणजे घरी इंग्रजी. आमच्या घरी मराठीच होती, आमची ईस्ट इंडियन मराठी, मुंबई-ठाण्याकडच्या मूळ कॅथलिकांची. माझी आजी लुगडं नेसायची. वर्गात मराठी बोललं की मॉनिटर फळ्यावर नाव लिहायची, त्यात माझं नाव तुमच्याइतकंच असायचं. पण तुमची मराठी निदान पुस्तकात तरी होती. आमची कुठेच नव्हती, म्हणून मी ती लपवायला शिकले. मैत्रिणी घरी आल्या की आजीला सांगायचे, बोलू नकोस. हे लिहिताना आजही घसा दाटतो.

आमच्या लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव १८८७ मध्ये घेतलं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात. त्याआधीही आम्ही इथलेच होतो. आता मी दर एप्रिल-मेमध्ये बाटली मसाला करते. मिरच्या गच्चीवर कडक वाळवायच्या, मग एकेक जिन्नस वेगळा भाजायचा. धणे, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर, शिवाय गहू आणि हरभरेसुद्धा. सगळं एकदम कढईत टाकलं की तीळ जळतात आणि गहू कच्चे राहतात. गडद रंगाच्या बाटलीत काठीने ठासून भरायचा, आत हवा राहता कामा नये. वर्षभर टिकतो. गेल्या हंगामात दीडशे बाटल्या गेल्या. आणि माझ्या मावशा उंबराच्या पाण्याची, म्हणजे लग्नाआधी विहिरीचं पाणी आणतात तेव्हाची, गाणी म्हणतात ती मी फोनवर उतरवून घेते. आजी असताना सुचलं नाही. दोन मावशा उरल्यात, त्यांच्याकडे दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर जाते.

रोल नंबर ४

हजर. आत्ता लिहायला जमणार नाही. वाचतेय.

(३१ : चालेल गं. सवडीने लिही.)

रोल नंबर ४४

माझं कोणालाच माहीत नाही, कारण मी तेव्हा ग्रुप सोडला होता. २०२२ मध्ये डाव्या स्तनात गाठ निघाली, कर्करोगाची. परळला टाटामध्ये ऑपरेशन, मग किमो, मग रेडिएशन. सगळ्यांत आधी हे वाचा : मला ती गाठ आंघोळ करताना हाताला लागली होती. दुखत नव्हती, म्हणून मी चार महिने घालवले. दिवाळी होऊ दे, मुलाची परीक्षा होऊ दे, असं करत. गाठ दुखत नाही म्हणून कोणी थांबू नका. लगेच दाखवा.

ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा काखेतल्या लसिकाग्रंथीही काढतात. नंतर हात अंगाला टेकला की कळ येते, रात्री कुशीवर वळता येत नाही. वॉर्डात शेजारच्या बाईकडे पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची उशी होती, काखेत धरायची. मी घरी येऊन तशी शिवली. आपल्याला सहावीत कार्यानुभवाच्या तासाला रुमालाची कड दुमडून हेमिंग शिकवलं होतं, आठवतं? कापडाचा एकच धागा सुईवर उचलायचा, सुलट बाजूला टाका दिसता कामा नये. माझा रुमाल मिसनी तीनदा उसवला होता आणि मी रडले होते. आता उशीचं तोंड मी त्याच टाक्याने बंद करते, कारण शिवणीची कड ताज्या जखमेला सहन होत नाही. खोळ आईच्या जुन्या सुती साड्यांची. आत सिंथेटिक कापूस, कारण साध्या कापसाचे धुतल्यावर गोळे होतात. साठेक उश्या झाल्या असतील. ज्या बायकांना लागतात त्यांना देते, पैसे घेत नाही. मऊ साड्या असतील तर पाठवा, ब्लाऊजपीस नकोत. माझ्या तपासण्या आतापर्यंत स्वच्छ आल्या आहेत.

रोल नंबर २२

२००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली तेव्हा बेलापूर रोडच्या बसमधून सुटका झाली म्हणून मी पेढे वाटले होते. वीस वर्षं तीच गाडी. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन झालं, माझं ऑफिस तिथून चालत पाच मिनिटं. आणि त्याच एप्रिलमध्ये नोकरी गेली. एका मीटिंगमध्ये अकरा जणांना सांगितलं, मी त्यांतली एक.

तीन आठवडे मी घरी बोलले नाही. रोज डबा भरून निघायचे, वाशीपर्यंत जायचे, फलाटावरच्या बाकावर डबा खायचे आणि संध्याकाळच्या गर्दीत परत यायचे. शेवटी मुलीनेच विचारलं, "आई, तुझा लॅपटॉप कुठे असतो हल्ली?" आता कोपरखैरण्यात एका लहान कंपनीत आहे, पगार निम्मा. हप्ते फिटतात, झोप लागते. त्या तीन आठवड्यांत तुमच्यापैकी एकीला जरी फोन केला असता तर तो बाक टळला असता.

रोल नंबर २७

सिस्टर म्हणू नका, नंबरच बरा वाटतोय. पालघरकडे मुलींच्या वसतिगृहात असते. पाऊस संपला की इथली माणसं वीटभट्ट्यांवर जातात ती थेट पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. मुलगी बरोबर गेली की तिची शाळा सुटली, वसतिगृहात राहिली तर सुटत नाही. म्हणून दिवाळीनंतर मी पाड्या-पाड्यावर फिरते आणि आयांना विनवते, हिला ठेवून जा. काही ऐकतात. काहींना धाकट्याला सांभाळायला तीच लागते, आणि त्यांना नाही म्हणायचा मला हक्क नाही. नन होण्याची शपथ घेण्याआधी एकदा पिशवी भरून घरी निघाले होते, हे माझ्या भावालाही माहीत नाही. १९ साठी मी रोज प्रार्थना करते.

रोल नंबर ३८

मी काही केलं नाही, असं लिहिणार होते. ४४ चं वाचलं आणि ते खोडलं.

आईला स्मृतिभ्रंश आहे, सहावं वर्ष. तिला सांभाळायला क्लास बंद केले. तिला दुपारी काय जेवली ते आठवत नाही, माझं लग्न, घटस्फोट, बाबांचं जाणं, सगळं पुसलं गेलंय. पण सकाळी साडेसहाला ती फणी आणि तेलाची वाटी घेऊन पलंगावर बसते आणि मला हाक मारते, "चल, गाडी निघेल." मी समोर जमिनीवर बसते. ती मधोमध भांग पाडते, दोन घट्ट वेण्या घालते, वर दुमडून बांधते. बोटं कुठेच चुकत नाहीत. माझे केस निम्मे पांढरे झालेत, ते तिला दिसत नाहीत. आधी मी तिला सांगायचे, आई, माझी शाळा कधीच संपली. मग ती घाबरायची, रडायची. आता सांगत नाही. काळ्या रिबिनी आणून ठेवल्यात.

घराबाहेर पडून चार महिने झाले. तलावपाळीला एक चक्कर मारावीशी वाटते, एवढंच.

रोल नंबर ४

३८, तू अजून चरईतच ना? गुरुवारी मला सुट्टी असते. मी अकराला येते, आईंपाशी बसते. तू जा आणि सावकाश ये. माझं काय ते त्यांनाच सांगेन आधी.