बँकेने खातं बंद करायचं पत्र दिलंय, कारण मात्र कुणीच सांगत नाही

लोकमान्यनगर_इंदूर:

नमस्कार मंडळी. इंदूरला लोकमान्य नगरात राहते. घरून दिवाळीचा फराळ, भाजणी, मेतकूट, लोणची करून देते, हाताखाली दोन बायका आहेत. एका खासगी बँकेत माझं सेव्हिंग खातं आहे, धाकटी पोटात होती तेव्हा उघडलेलं. मागच्या आठवड्यात रजिस्टर पोस्टाने पत्र आलं. मजकूर एवढाच: ‘अंतर्गत आढाव्यानुसार आपल्याशी असलेले बँकिंग संबंध पुढे चालू ठेवणे शक्य नाही. 30 दिवसांत शिल्लक रक्कम अन्यत्र हलवावी.’ खाली कुणाचं नाव नाही, नुसता शिक्का.

ब्रांचला गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मैडम, ऊपर से आया है." मॅनेजर भला माणूस आहे, त्याने संगणक माझ्याकडे वळवून दाखवला. कारणाच्या रकान्यात एक कोड होता फक्त. त्याचा अर्थ त्यालाही माहीत नव्हता.

कर्ज नाही, चेक कधी परत गेलेला नाही, कुणाचा पैसा बुडवलेला नाही. कुणीतरी आपल्याला चोर ठरवलंय आणि आरोप काय तेही सांगत नाही, असं वाटत राहतं. रात्री झोप लागत नाही. एलआयसीचा हप्ता, मुलीची एसआयपी, गॅसची सबसिडी, सगळं याच खात्यावर. बँक असं करू शकते का? आणि कारण विचारायचा मला हक्क आहे की नाही?

सियागंज_किराणा:

काकू, आधी एक तपासा. पैसे निघताहेत का? खातं बंद करणं वेगळं आणि होल्ड लागणं वेगळं. आमच्या दुकानाच्या खात्यावर होल्ड लागला होता. एका गिऱ्हाइकाने क्यूआरवर 1,850 रुपये दिले, ते पैसे कुठल्या तरी ऑनलाइन फसवणुकीच्या साखळीतून फिरत आलेले. ज्याला फसवलं त्याने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, तिकडच्या सायबर पोलिसांनी बँकेला कळवलं आणि आमचं अख्खं खातं अडकलं. आम्ही साखर विकली, एवढाच आमचा संबंध! असं असेल तर बँकेकडून तक्रारीचा पोचपावती क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घ्या, तिथे बिलं पाठवावी लागतात. आणि वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवा असा अर्ज बँकेला द्या. केरळ हायकोर्टाने 2023 मध्ये अशाच प्रकरणात तेवढीच रक्कम अडवायला सांगितलं होतं.

निवृत्त_बँकवाला:

ताई, सियागंजवाल्यांचा मुद्दा बरोबर आहे, पण तुमच्या पत्रात पैसे हलवायला सांगितलंय, म्हणजे होल्ड नसणार. माझं आयुष्य बँकेत गेलं, शेवटची वर्षं राजवाड्याजवळच्या शाखेत. तो मुलगा आणि तो मॅनेजर खोटं बोलत नाहीयेत. आता खात्यांवर नजर शाखा ठेवत नाही. कुठल्या तरी मोठ्या शहरात मॉनिटरिंग युनिट असतं, तिथल्या सॉफ्टवेअरमध्ये अलर्ट उठतो. अलर्ट बघणाऱ्याला तुमचं स्वयंपाकघर दिसत नाही, त्याला तुमचा फॉर्म दिसतो. फॉर्मवर व्यवसाय काय लिहिलाय ते बघा. बहुतेक ‘गृहिणी’ असेल, उत्पन्न एक लाखाच्या आत. आणि दिवाळीच्या तोंडावर त्याच खात्यात शेकडो अनोळखी लोकांचे यूपीआय: 640, 380, 1,150, परत 640. मग एक-दोन दिवसांत मोठी रक्कम घाऊक व्यापाऱ्याला रवाना. तुम्हाला आणि मला त्यात डाळ, बेसन, तूप दिसतं. पडद्यावर मात्र ते भाड्याने दिलेल्या खात्यासारखं दिसतं. ठगांची म्यूल खाती हुबेहूब अशीच चालतात: थोडं थोडं जमा, लगेच बाहेर.

हा माझा अंदाज आहे, पण ज्या खात्यांचं असं झालेलं मी पाहिलं, त्यांत चकलीवाल्या, ट्यूशनवाले, भिशी चालवणाऱ्या बायकाच जास्त होत्या.

आता न बोलण्याविषयी. मनी लाँडरिंगचा कायदा 2002 चा, लागू झाला 1 जुलै 2005 ला. व्यवहार संशयास्पद ठरला की बँकेने तातडीने दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला, म्हणजे अशा व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेला, अहवाल द्यायचा, त्याला एसटीआर म्हणतात. असा अहवाल गेलाय याचा सुगावा ग्राहकाला लागू द्यायचा नाही. इथपर्यंत मला पूर्ण पटतं, खरा ठग सावध झाला तर रक्कम रातोरात पसार होते. पण रिझर्व्ह बँकेच्या केवायसीच्या निर्देशांमध्ये हेही लिहिलेलं आहे की केवळ एसटीआर पाठवला म्हणून खात्याच्या व्यवहारांवर बंधनं घालायची नाहीत. त्या ओळीची आठवण कुणाला राहत नाही.

आणि मला चीड येते ती पुढच्या गोष्टीची. मोजक्या प्रकरणांसाठी असलेलं हे मौन सरसकट सगळ्यांवर पांघरलं जातं. केवायसी जुनी झाली, व्यवसाय जुनाच नोंदलेला आहे, सेव्हिंग खात्यात धंद्याचे पैसे येताहेत, ही कारणं सांगायला कुठला कायदा आडवा येतो? सांगितलं तर माणूस दुसऱ्या दिवशी कागद घेऊन हजर होईल. पूर्वी बीसीएसबीआय म्हणून संस्था होती, बँकांनी स्वीकारलेल्या तिच्या संहितेत स्पष्ट होतं: सर्वसाधारण परिस्थितीत 30 दिवसांची नोटीस, तीही कारणासकट. ती संस्था गुंडाळली गेली. नोटीस द्यायची पद्धत राहिली, कारण गळून पडलं.

तेव्हा ताई, कारण विचाराच, पण लेखी. अर्जात दोन प्रश्न वेगळे ठेवा. एक, केवायसी किंवा व्यवसायाची नोंद हे कारण आहे का, असल्यास हे कागद घ्या. एफएसएसएआयची (खाद्यपदार्थ विकण्यासाठीची) नोंदणी, छोट्या धंद्याचं उद्यम प्रमाणपत्र, किराण्याची बिलं जोडा. उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. दोन, शिल्लक, आणि एफडी असेल तर तिचं व्याज, कुठल्या तारखेला, कसं मिळणार. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर होते, चौकशीला 14448 नंबर आहे, फी नाही, वकील लागत नाही. फक्त तक्रार मांडताना जपा. ‘मला ग्राहक म्हणून ठेवा’ असं लिहिलंत तर बँक ‘हा आमचा व्यावसायिक निर्णय’ म्हणेल, आणि लोकपाल योजनेत व्यावसायिक निर्णयावरची तक्रार घेतलीच जात नाही. कारण न देणं, अर्जाला उत्तर न देणं, पैसे अडवणं, त्यामुळे झालेलं नुकसान, हे सेवेतल्या त्रुटीत बसवता येतं. त्यावर बोट ठेवा.

बडोदा_दांडियाबाजार:

लेक लंडनला असते म्हणून तिकडचं थोडं माहीत आहे. 2023 मध्ये नायजेल फराज या राजकारण्याचं कूट्स बँकेतलं खातं बंद झालं. त्याने माहिती-संरक्षण कायद्याखाली स्वतःची फाइलच मागवली. बँकेने आत काय काय लिहिलं होतं ते बाहेर आलं, आणि कूट्स ज्या नॅटवेस्टची, तिच्या प्रमुख ॲलिसन रोझ यांना पद सोडावं लागलं. आता तिथे एप्रिल 2026 पासूनच्या नव्या खात्यांसाठी 90 दिवसांची नोटीस आणि कारण, दोन्ही बंधनकारक केलंय, गुन्ह्याचा संशय असेल तेवढं सोडून. मोठ्या माणसाचं खातं बंद झालं म्हणून नियम हलला. आपल्याकडे फराळ करणाऱ्या बाईचं खातं बंद झाल्यावर हलायला हवा.

लोकमान्यनगर_इंदूर:

काका, फॉर्म काढून पाहिला. ‘गृहिणी’च आहे. फॉर्म बँकेच्या माणसानेच भरला होता, आणि तेव्हा फराळाचं काम नव्हतंच. पैसे निघताहेत, होल्ड नाही. आता जीव थोडा भांड्यात पडला, निदान आपण कुठे आहोत ते कळलं. पण आधी नवं खातं उघडू की अर्ज देऊ? आणि हप्त्यांचं काय?

निवृत्त_बँकवाला:

दोन्ही एकाच दिवशी करा. दुसऱ्या बँकेत करंट खातं उघडा, धंद्याच्या नावाने, आणि व्यवसाय खरा लिहा. घरचं सेव्हिंग वेगळं. आधी एलआयसी आणि एसआयपीचे मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, बदला, नव्या मँडेटला वेळ लागतो आणि हप्ता परत गेला तर दंड तुमच्या माथी. गॅससाठी नव्या बँकेत आधार सीडिंगचा, म्हणजे आधार खात्याला जोडायचा, फॉर्म द्या. डब्यांवर चिकटवलेला जुना क्यूआर काढा, नाहीतर गिऱ्हाइकांचे पैसे बंद खात्याकडे जाऊन परत फिरतील. आणि जुन्या खात्याचं सुरुवातीपासूनचं स्टेटमेंट आत्ताच डाउनलोड करून घ्या, खातं बंद झालं की नेटबँकिंग मिटतं आणि लोकपालापुढे तोच तुमचा पुरावा.

लोकमान्यनगर_इंदूर:

अर्ज आज लिहिते. इथे टाकला तर नजर घालाल का?

निवृत्त_बँकवाला:

टाका. फक्त खाते क्रमांक आणि मोबाइल नंबर खोडून.