साडेतीन वर्षांच्या लेकराला गिरवायला लावायचं का?

अंबाजोगाईची मावशी:
माझी भाची साडेतीन वर्षांची. रोज संध्याकाळी दोन पानं इंग्रजी 'ए' गिरवते आणि गिरवताना रडते. शाळेत विचारलं, तर म्हणाले, पालकांनाच हवंय. फिनलंडमध्ये पहिली सातव्या वर्षी सुरू होते, तोवर खेळ, गाणी, बाहेर भटकणं. न्यूझीलंडने १९९६ साली बालशिक्षणाचा अभ्यासक्रम केला, त्याला माओरी भाषेतलं 'ते फारिकी' हे नाव दिलं. फारिकी म्हणजे विणलेली चटई. आपलं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा ३ ते ८ वर्षांचा पायाभूत टप्पा मानतं आणि खेळातून शिकवा म्हणतं. मग नर्सरीच्या दप्तरात पाच वह्या कशाला? माझं मत, पहिलीपर्यंत गिरवणं बंद.

लातूरचा बाप:
ताई, फिनलंडचं लेकरू घरी पुस्तकांत वाढतं. आई-बाप वाचून दाखवतात. मी आठवी शिकलेला, बायको सहावी. शाळेनं अक्षर नाही दिलं तर आमच्या पोराला कोण देणार? तुम्ही खेळ म्हणता, आमच्या पोरांनी आजवर खेळच केला की. गल्लीत, धुळीत. पुढं दहावीला इंग्रजीत नापास झाली. फी भरतो ती वहीत काहीतरी दिसावं म्हणूनच.

अंबाजोगाईची मावशी:
भाऊ, तुमची काळजी खरी आहे. पण खेळातून शिकवणं श्रीमंतांसाठी निघालेलं नाही. माँटेसरीबाईंचं पहिलं बालगृह १९०७ साली रोमच्या कामगार वस्तीत सुरू झालं. आपल्याकडं ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली. पुढे कोसबाडला त्या आणि अनुताई वाघ आदिवासी लेकरांत राहिल्या. चिंचोके, शिंपले, माती ही त्यांची साधनं. लेकरं चिंचोके मोजतात, रांगेत लावतात, त्यातूनच गणित आणि हाताचं वळण तयार होतं. गल्लीतला खेळ आणि हा खेळ वेगळा, कारण इथं शेजारी बसून बोलणारी, प्रश्न विचारणारी बाई असते.

अंगणवाडी सेविका, केज तालुका:
ती शेजारी बसणारी बाई म्हणजे मीच, म्हणून लिहिते. माझ्याकडं तीनची, चारची, पाचची लेकरं एकाच खोलीत. पोषण आहार, वजनं, लसीकरणाचा दिवस, गरोदर बायांच्या भेटी, मोबाईलवर माहिती भरणं. गाणी म्हणते, भोपळ्याची गोष्ट सांगते, चिंचोकेही आहेत. पण प्रत्येकाशी बोलायला वेळ कुठून आणू? फिनलंडचं वागणं सांगता, तिथली माणसंही सांगा. एका बाईकडं किती लेकरं असतात, हे आधी विचारा. आणि गावातली चार बरी घरं लेकरू बसनं इंग्रजी शाळेत धाडतात, तेव्हा माझी गोष्ट कुणाला पटायची?

धारूरचा:
तुम्ही सगळे बसलेल्या लेकरांबद्दल बोलायलेत. दिवाळीच्या आसपास आमच्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. कोल्हापूर, सांगली, पार कर्नाटकात. तीन वर्षांचं लेकरू कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, नाहीतर उसाच्या फडात, त्याला सांभाळायला सात वर्षांची बहीण. म्हणजे तिचीही शाळा गेली. त्यांच्यासाठी 'ए' गिरवायचा की चिंचोके, हा वादच नाही. आणि शिक्षणहक्काचा कायदा सुरू होतो सहाव्या वर्षापासून. त्याखालच्यांसाठी राज्यघटनेत २००२ च्या दुरुस्तीनं सरकार 'प्रयत्न करील' एवढंच लिहिलंय.

अंबाजोगाईची मावशी:
हे मी लिहायला हवं होतं, राहून गेलं. कोसबाडला लेकरं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हे नाव त्यातूनच आलं. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात कुरणशाळा भरवली. मग ऊस जिथं तुटतो तिथं, कोप्यांजवळ, सहा महिने बालवाडी का भरू नये? त्याच टोळीतली एखादी शिकलेली सून पगारावर नेमावी.

लातूरचा बाप:
ते करा, मी सही करतो. पण माझा पोरगा वही घेऊनच जाईल.

अंगणवाडी सेविका, केज तालुका:
जाऊ द्या, पण वही पाचव्या वर्षी द्या भाऊ. तोवर त्याला एक महिना माझ्याकडं पाठवा, बोटात मातीचा गोळा फिरला की पेन्सिल कशी धरतो ते तुम्हीच बघा. टोळीतल्या सुनेचं म्हणाल, तर पगार कोण देणार, कारखाना की सरकार, ते आधी ठरवा.