गांधीलमाशी मनगटाला चावली, गांध्या पोटावर उठल्या. पित्त की अ‍ॅलर्जी?

पोफळवाडी
आमची गुहागरकडे सुपारीची बाग आहे. गेल्या सोमवारी बाबा (वय ६१) पडलेल्या झावळ्या ओढत होते, त्यातल्या एकीला गांधीलमाश्यांचं पोळं. एकच माशी चावली, उजव्या मनगटाला. आजवर पन्नासदा तरी चावल्या असतील, म्हणून हात झटकून ते पुढच्या झावळीकडे. दहाएक मिनिटांत तळवे खाजायला लागले, मग पोटापाठीवर गांध्या. आई म्हणाली पित्त उठलं, आमसूल कोळून चोळलं. तेवढ्यात बाबा "जरा बसतो" म्हणून पडवीत टेकले ते घामाने निथळलेले, आवाज घोगरा, एक उलटी. रिक्षात बसवून नेलं. दोन इंजेक्शनं, सलाईन, दोन तासांत घरी. "अ‍ॅलर्जी आहे, जपा." जपा म्हणजे काय करा? बागेत तर रोज जायचंय.

आणि काका म्हणतात, गेल्या वर्षी माझा हात कोपरापर्यंत सुजला होता, तीन दिवस! बाबांना तर धड सूजही नव्हती. मग अ‍ॅलर्जी नक्की कोणाला?

रात्रपाळी
बाबांना. मी अपघात विभागात नर्स आहे, हा घोटाळा नेहमी बघते. चावलं तिथेच सूज, मग ती वीतभर का असेना आणि दुसऱ्या दिवशी वाढू दे, ती त्या जागेपुरती. बर्फ, गोळी, चार दिवस कळ काढायची. पण चावलं मनगटाला आणि गांध्या पोटावर, घसा धरला, उलटी, घाम, चक्कर, म्हणजे सगळं शरीर पेटलंय. अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात त्याला. आधी पन्नासदा काही झालं नाही याला अर्थ नाही, उलट आधीच्या चाव्यांनीच शरीर बिथरतं.

यावर पहिलं औषध अ‍ॅड्रेनलिन. मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. उतार नसेल तर पाच मिनिटांनी परत. खाजेच्या इंजेक्शनाने खाज जाते, पडलेलं बीपी वर येत नाही. बाबांना दिलेल्या दोनांत ते होतं का, कागदावर बघा. आणि दोन तासांत घरी पाठवणं मला पटलं नाही. बरं वाटल्यावरही काही तासांनी परत उसळतं.

पुढच्या वेळी: आडवं झोपवा, पाय वर. दम लागत असेल तरच बसतं ठेवा. चालवत नेऊ नका, उभं केल्या केल्या माणूस कोसळतो. १०८ लावा.

बीपीची गोळी कुठली चालू आहे?

सातेरीवाला
महाबळेश्वराकडे माझ्या मधपेट्या आहेत. एक भर घालतो. माशी कुठली ते नीट बघत जा. मधमाशीचा काटा कातडीत राहतो, विषाच्या पिशवीसकट. तो नखाने, सुरीने, कशानेही, पण लगेच काढायचा. चिमटा शोधायला घरात गेलात की विष आत गेलंच. गांधीलमाशी काटा सोडत नाही आणि परत चावते. दोघींचं विष वेगळं, अ‍ॅलर्जीची तपासणीही वेगळी. चुना आणि लोखंड घासण्यात वेळ घालवू नका. (मीही घासायचो.)

इसारकाठ
म्युनिकला असतो. मला बाबांसारखंच झालं होतं, बेकरीच्या दारात. इथे अ‍ॅड्रेनलिनची दोन पेनं (आपणच टोचायची, आधीच भरलेली इंजेक्शनं) कायम खिशात असतात आणि शरीराला सवय व्हावी म्हणून वाढत्या मात्रेत विषाचीच इंजेक्शनं देतात, पुढे महिन्याला एक, तीन ते पाच वर्षं. माझं दुसरं वर्ष चालू आहे. तपासणी चावल्यानंतर चार-सहा आठवड्यांनी करा, लगेच केली तर खोटी निघू शकते.

रात्रपाळी
ती पेनं आपल्याकडे सहज मिळत नाहीत. साधी अँप्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, स्वस्त असते, पण भरून टोचायला डॉक्टरांकडून शिकल्याशिवाय हात लावू नका.

पोफळवाडी
कागद बघितला. अ‍ॅड्रेनलिन नाही. गोळी अ‍ॅटेनोलॉल.

रात्रपाळी
तेच विचारायचं होतं. त्या गोळीवर अ‍ॅड्रेनलिन नीट लागू पडत नाही. मनाने बंद करू नका, पण बदलता येईल का ते फिजिशियनला याच आठवड्यात विचारा.

पोफळवाडी
गुरुवारी नेतो. तोवर झावळ्या मी ओढतोय, आधी काठीने उलथून. काकांना सांगितलं की तुम्हाला नुसती सूज होती. जरा हिरमुसलेत.