एमआयएस : ‘माहिती व्यवस्थापन’ की ‘व्यवस्थापन माहिती’?

धागा, नाशिकरोड

मराठी माध्यमातून व्यवस्थापन शिकणाऱ्यांसाठी टिपणे लिहिते आहे. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याकडे असल्याने नोकरी सांभाळून शिकणारी अशी मुले नाशिकमध्ये भरपूर भेटतात. ‘मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टम’ला (एमआयएस, म्हणजे संस्थेतल्या नोंदींतून व्यवस्थापकाला निर्णयासाठी लागणारी माहिती पुरवणारी व्यवस्था) कुठे ‘माहिती व्यवस्थापन प्रणाली’ लिहिलेले दिसते, कुठे ‘व्यवस्थापन माहिती प्रणाली’. दोन्ही एकच मानायचे का? शिवाय तिच्या आतल्या थरांची नावेही पटत नाहीत. ‘ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग सिस्टम’ला ‘व्यवहार प्रक्रिया प्रणाली’ म्हटले की मुले विचारतात, कसली प्रक्रिया? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद, अंबड

ताई, दोन्ही एकच नाहीत. समास सोडवून बघा. ‘माहिती व्यवस्थापन’ म्हणजे माहितीचे व्यवस्थापन : ती साठवणे, लावून ठेवणे, हवी तेव्हा सापडेल अशी जपणे. ते काम ग्रंथालयही करते, रुग्णालयाची रेकॉर्ड रूमही करते. ‘व्यवस्थापन माहिती’ म्हणजे व्यवस्थापनासाठी माहिती. इथे कोणासाठी आणि कोणत्या निर्णयासाठी, हे आधी ठरते. संस्थेत एमआयएसची रचना होते ती याच प्रश्नावर. म्हणून मी ‘व्यवस्थापकीय माहिती प्रणाली’ लिहीन. ‘व्यवस्थापकीय’ म्हटले की शब्दांची उलटापालट व्हायची भीती राहत नाही.

आमच्याकडे कारखान्यात मात्र शब्द फार आकसला आहे. ‘एमआयएस पाठवली का?’ म्हणजे महिनाअखेरची एक्सेल पाठवली का. ती तयार करणारा मुलगा ‘एमआयएसवाला’. आणि ‘सिस्टमला टाक’ म्हणजे ईआरपीत, कंपनीचे सगळे व्यवहार नोंदणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एन्ट्री कर. प्रणाली हा अर्थ दोन्हीकडून निसटला, हातात फक्त फाइल आणि सॉफ्टवेअर राहिले. मुलांना हे जरूर सांगा, कारण मुलाखतीला जातील तेव्हा त्यांच्या कानावर हाच अर्थ पडणार आहे.

थरांविषयी. व्यवस्थापनाचे अभ्यासक रॉबर्ट अँथनी यांनी १९६५ मध्ये संस्थेतल्या निर्णयांचे तीन स्तर मांडले : धोरणात्मक नियोजन, व्यवस्थापकीय नियंत्रण आणि रोजच्या कामावरचे नियंत्रण. १९७१ मध्ये गोरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी त्याला दुसरी बाजू जोडली : निर्णय किती ठरीव आहे. माल ठरलेल्या पातळीखाली गेला की ऑर्डर टाकायची, हा ठरीव निर्णय. उत्पादनाची नवी लाइन टाकायची की बाहेरून काम करून घ्यायचे, याला ठरलेले सूत्र नाही. एमआयएसच्या पुस्तकांत थरांचा जो त्रिकोण काढलेला असतो, तो या दोन विचारांवर उभा आहे. तळाला व्यवहारांची नोंद, मध्ये अहवाल, त्याच्या वर निर्णयाला मदत करणारी साधने (डिसिजन सपोर्ट). आणि उत्पादन, विक्री, वित्त, मनुष्यबळ या उभ्या फाळी, प्रत्येकीत हे सगळे थर.

आता शॉपफ्लोअरवर बघा. ऑपरेटर जॉब कार्डवर, म्हणजे त्या कामाच्या नोंदपत्रावर, लिहितो : किती पीस केले, किती रिजेक्ट, कारण काय. सुपरवायझरला ते त्याच शिफ्टमध्ये हवे असते, कारण टूल बदलायचे की नाही हे त्याला आत्ता ठरवायचे आहे. सकाळच्या मीटिंगला तेच आकडे मशीननिहाय येतात. प्लांट हेडकडे आठवड्याचा कल जातो, ऑपरेटरचे नाव तिथे गळालेले असते आणि गळायलाच हवे. संचालकांपर्यंत पोहोचते ती रिजेक्शनची एकूण किंमत, रुपयांत. आकडा तोच, पण प्रत्येक पायरीवर त्याचा काळ लांबतो, तपशील कमी होतो आणि एकक बदलते. पीसचे टक्के होतात, टक्क्यांचे रुपये. एमआयएसची रचना म्हणजे हेच ठरवणे : कोणत्या पायरीवर काय गाळायचे.

या साखळीतली सगळ्यात नाजूक जागा जॉब कार्डावरच असते. कारणांच्या यादीत शेवटी ‘इतर’ असा एक खाना असतो. शिफ्ट संपताना घाईत तिथेच खूण होते. मग वर सुबक आलेख जातो आणि त्यात सर्वांत उंच खांब ‘इतर’चा! त्यावरून कोणी काय ठरवणार? वर कितीही महागडा डॅशबोर्ड लावा, या खान्याची भरपाई तिथे होत नाही. यादी करताना ऑपरेटरला सोबत बसवावे, असे माझे ठाम मत आहे.

‘व्यवहार प्रक्रिया’ऐवजी ‘व्यवहार नोंद प्रणाली’ करा. ‘डिसिजन सपोर्ट’ला ‘निर्णय साहाय्य’ ठीक आहे.

प्रतिसाद, निफाड (महसूल खात्यातून निवृत्त)

वरचा प्रतिसाद वाचून आनंद झाला. मधल्या थराच्या कामासाठी आपल्याकडे अस्सल चालता शब्द आहे : गोषवारा. मूळ फारसी, पण मराठी दप्तरात इतका मुरला की परका वाटतच नाही. जुन्या हिशेबात याच अर्थाने ‘तेरीज’ही येतो. ‘सारांश’ मजकुराचा, ‘बेरीज’ आकड्यांची. गोषवारा म्हणजे नोंदींतून कामापुरते काढून मांडलेले.

तलाठी दप्तरात रचना कशी आहे पाहा. गाव नमुना १२ मध्ये (सातबाऱ्यातला ‘बारा’ तो हाच) जमिनीच्या गटागटाची पिके नोंदायची. त्यावरून गाव नमुना ११, म्हणजे पिकांचा गोषवारा : गावात द्राक्षे किती, कांदा किती, गहू किती. तिथे शेतकऱ्याचे नाव नाही. गावांचा मिळून तालुका, तालुक्यांचा मिळून जिल्हा. जिल्ह्याला गट नंबर कळून उपयोग नाही आणि शेतकऱ्याला जिल्ह्याची बेरीज दाखवून भागत नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंद करतो. म्हणजे नोंद करणारा हात बदलला, गोषवाऱ्याची वाट तशीच आहे. व्यवस्थापकीय माहिती प्रणाली शिकवताना परदेशी कंपनीचे उदाहरण देण्यापेक्षा हे द्या. सातबारा प्रत्येकाच्या घरात असतो.

प्रतिसाद, लासलगाव

गोषवाऱ्यात काय गाळले जाते याचे बाजार समितीतले उदाहरण देतो. कांद्याचा लिलाव वाहनागणिक होतो, प्रत्येक ट्रॅक्टरचा भाव वेगळा. दिवसाअखेर बाहेर जातात मोजके आकडे : आवक क्विंटलमध्ये, किमान भाव, कमाल भाव आणि सर्वसाधारण भाव. हा ‘सर्वसाधारण’ म्हणजे किमान-कमालचा मध्य, असे अनेक जण समजतात. तसे नाही. ज्या भावाने सर्वांत जास्त माल विकला गेला तो सर्वसाधारण भाव. एखादीच गाडी फार चढ्या भावाने गेली तर कमाल भाव उसळतो, सर्वसाधारण जागचा हलत नाही. शेतकऱ्याने उद्या माल आणायचा की कांदाचाळीत साठवून ठेवायचा, हे ठरवताना कमाल भावाकडे बघून चालत नाही. बातमीत मात्र कमालच ठळक छापतात, याचे वाईट वाटते.

प्रतिसाद, सातपूर

‘डेटा’ला काय म्हणायचे तेही ठरवून घ्या. ‘विदा’ आंतरजालावर रुळला आहे, ‘आधारसामग्री’ सरकारी मराठीत आहे. माझी पसंती साध्या ‘नोंदी’ला. नोंदी, त्यांतून माहिती, माहितीवरून निर्णय, अशी ओळ विद्यार्थ्याला तोंडपाठ करावी लागत नाही. ‘प्रणाली’ मात्र सोडू नका. संस्कृतात तिचा अर्थ पाण्याची वाट, पाट. आपला ‘पन्हळ’ त्याच कुळातला. ‘यंत्रणा’ म्हटले की माणसे आणि खाती डोळ्यांपुढे येतात, ‘पद्धती’ म्हटले की रीत. प्रणालीत प्रवाह आहे.

प्रतिसाद, धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पिकांच्या गोषवाऱ्याचे उदाहरण नक्की घेते. आता असे ठरवते आहे : व्यवस्थापकीय माहिती प्रणाली, खाली व्यवहार नोंद, वर निर्णय साहाय्य, डेटासाठी पहिल्या पाठात नोंदी, पुढे विदा. अहवालांच्या प्रकारांत नियतकालिक आणि मागणीनुसार हे सोपे गेले. ‘एक्सेप्शन रिपोर्ट’ला ‘अपवाद अहवाल’ पुरेल का? अपवाद म्हटले की नियमाला सूट दिली, असे मुलांना वाटते.

प्रतिसाद, अंबड

खरे आहे, सूट असाच अर्थ होईल. तिथे मर्यादा ओलांडली, ही गोष्ट शब्दात यायला हवी. ‘मर्यादाबाह्य अहवाल’ करून बघा. आमच्याकडे रिजेक्शन ठरलेल्या टक्क्याच्या आत असेल तर मॅनेजरला काहीच जात नाही. वर गेले की त्याच मशीनची एक ओळ जाते. व्यवस्थापनाचे अभ्यासक रसेल अ‍ॅकॉफ यांनी १९६७ मध्येच लिहिले होते की व्यवस्थापकाची अडचण माहिती कमी पडण्यापेक्षा बिनकामाची माहिती फार झाल्याची असते. मर्यादाबाह्य अहवाल त्यासाठीच आहे. मर्यादा कोणी ठरवली आणि ती शेवटची कधी तपासली, हे दोन रकाने त्याच कागदावर ठेवायला मुलांना शिकवा. तीन वर्षांपूर्वीच्या मर्यादेवर चालणारे अहवाल मी रोज पाहतो, आणि त्यांतून काहीच वर येत नाही म्हणून सगळे ठीक आहे असे धरले जाते.