मदत हवी आहे: आईच्या यूट्यूब चॅनलवरच्या कमेंट बंद करू का?

तिसरी_शिट्टी:

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज अडलंय म्हणून लिहितेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझी आई ६८ वर्षांची, साताऱ्याला एकटी राहते, प्राथमिक शाळेतून रिटायर झाली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भावाने गंमत म्हणून तिला रेसिपीचं चॅनल काढून दिलं आणि ते चाललं, म्हणजे फार नाही, अकरा हजार सबस्क्रायबर आहेत, पैसे म्हणाल तर वर्षाकाठी एखादी कढई येईल एवढे. ती डब्यांच्या फळीवर मोबाइल टेकवून शूट करते, मी इकडे बंगळुरूत रात्री एडिट करून टाकते. त्यामुळे कमेंट बहुतेक वेळा आधी मी वाचते, आणि घोळ तिथेच आहे.

नेहमीच्या कटकटींचं मला काही नाही. आमटीत गूळ पडला की निम्मी जनता धावून येते, ‘आमटी आहे की पाक’ वगैरे, मग कुणीतरी ‘गूळ घालणारे कोण ते माहितीये आम्हाला’ म्हणत ते जातीवर नेतं, मग दोन दिवस त्यांची आपापसातच जुंपते, आई त्यात कुठे नसतेच.

प्रॉब्लेम दिवाळीत झाला. आईने अनारशांचा व्हिडिओ केला, अगदी तांदूळ तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलण्यापासून. तळताना पहिले दोन हसले. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अनारसा हसला म्हणजे तुपात सोडल्यावर पसरून विरघळला.) मी तेवढा भाग कापणार होते तर ही म्हणाली राहू दे, नव्याने करणारीला कळायला नको का असं पण होतं. त्यावर एकाने लिहिलं, ‘काकू, अनारसे हसतायत आणि आम्ही पण’. त्याला आई स्वतःच हसली. पण त्याच्या खाली एका बाईंचं होतं की सणाचं करताना कपाळ असं मोकळं बरं दिसत नाही, निदान टिकली तरी लावायची.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली.

मी पाच मिनिटांत ती डिलीट केली आणि आईला काही बोलले नाही. मला वाटलं तिने बघितलीच नसेल. मग चिवड्याचं शूटिंग आलं तर त्यात मोबाइलची जागा बदललेली, नुसते हात आणि परात दिसतायत. विचारलं तर म्हणे ‘इकडून उजेड चांगला येतो’. त्यानंतरच्या एकाही व्हिडिओत तिचा चेहरा नाहीये.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच, सगळ्याच कमेंट बंद करून टाकाव्यात. एक बटण दाबायचं काम आहे. पण मग दुसरी बाजू अशी की त्याच व्हिडिओखाली नाशिकच्या एक बाई लिहून गेल्यात, गूळ मिसळायच्या आधी दोन मुठी कोरडं पीठ बाजूला काढून ठेवा, पहिला हसला तर ते थोडं थोडं मिसळत जा, कारण गूळ जास्त झाला की हसतात. आईने सगळं पीठ एकदम कालवलेलं होतं, हाताशी काही उरलंच नव्हतं. तिने हे तिच्या वहीत उतरवून घेतलंय. वहीची पहिली पानं माझ्या आजीच्या हातची आहेत, आणि आता मागे ‘नाशिकच्या बाई’, ‘चिपळूणचा मुलगा (आंबोळी)’ अशा नोंदी आहेत. सकाळी चहा झाला की चष्मा लावून कमेंट वाचायच्या आणि बोलून टाइप करून उत्तरं द्यायची हा तिचा कार्यक्रम असतो, त्यात खोबऱ्याचं खरोखर होतं आणि मग लोक विचारतात ‘किती खरोखर घालायचं?’. एकट्या बाईचं घर आहे हो. ते बंद केलं तर तिच्या सकाळचं काय?

एक आयडिया आहे, चॅनल ‘मेड फॉर किड्स’ करून टाकलं की कमेंट आपोआप बंद होतात, म्हणजे आईला सांगता येईल यूट्यूबनेच केलं म्हणून. कुणी केलंय का असं? की दुसरा काही मधला मार्ग आहे?

निवांत_काका:

ते ‘मेड फॉर किड्स’ अजिबात करू नकोस. कमेंटबरोबर नोटिफिकेशनची घंटी जाईल, पर्सनलाइज्ड जाहिराती जातील, म्हणजे तुझी ती वर्षाची कढई पण गेली. शिवाय कढीपत्त्याची फोडणी लहान मुलांसाठी आहे हे कोण मान्य करेल?

यूट्यूब स्टुडिओत (चॅनल सांभाळायचं अ‍ॅप) सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या कमेंट ‘होल्ड फॉर रिव्ह्यू’वर टाक. आधी तुझ्याकडे येतील, तू पास केल्यास की मगच दिसतील. ६० दिवसांपर्यंत तिथे थांबतात, त्यामुळे रोज बघायची घाई नाही. त्रास देणाऱ्याला ‘हाइड यूजर’ करता येतं, त्याला कळत पण नाही, तो आपला लिहीत बसतो आणि बाकी कुणाला दिसत नाही. मला हा प्रकार फार आवडतो.

खमंग_फोडणी:

मी असते तर सरळ बंद केल्या असत्या. सांगते का. पॉप्युलर सायन्स या अमेरिकन मासिकाने २०१३ मध्येच वेबसाइटवरच्या कमेंट बंद केल्या, एनपीआर या अमेरिकन रेडिओने २०१६ मध्ये, आणि एनपीआरचं म्हणणं हेच होतं की लाखो लोक येतात आणि लिहिणारे अगदी मूठभर तेच ते. काकूंच्या व्हिडिओला व्ह्यूज किती आणि कमेंट किती ते बघ एकदा. बघणाऱ्या बहुतेक बायका गुपचूप अनारसे करून मोकळ्या झाल्या असतील.

रच्याकने (बाय द वे), त्या टिकलीवाल्या बाईंचा राग राग आला. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, त्यानंतर सरकारने बाकी ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं, आणि या बाई दुसऱ्याच्या कपाळाची उठाठेव करतायत.

पाटावरवंटा:

फोडणीताईंना अर्धं अनुमोदन. पण एनपीआरवाल्यांना कुणी कोरड्या पिठाची युक्ती सांगत नव्हतं ना. रेसिपीच्या चॅनलवर निम्मी रेसिपी कमेंटमध्येच असते. मी तर आधी खाली जाऊन ‘माझे बिघडले’वाले प्रतिसाद वाचते आणि मग व्हिडिओ बघते.

होल्डवर टाकण्यात मला एक खटकतं. पास करणारी तू, म्हणजे आईला काय दिसावं हे तू ठरवणार. परवाची कमेंट तू पुसलीस तरी तिने आधीच वाचली होती, आणि आपण दोघींनी ती वाचलीये हे तुम्ही एकमेकींना सांगितलं नाही. तिला विचारलंस का?

तिसरी_शिट्टी:

नव्हतं विचारलं. पाटावरवंटा, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री फोन केला. आधी म्हणाली कसली कमेंट. मग म्हणाली, ‘तू पुसलीस होय, मला वाटलं त्या बाईंनाच लाज वाटली.’ आणि मग मलाच रागावली, कारण तिला त्यांना उत्तर द्यायचं होतं, दोन दिवस मनात जुळवत होती आणि द्यायला गेली तर कमेंटच गायब. काय उत्तर देणार होतीस विचारलं तर सांगेना.

बंद करायला साफ नाही म्हणाली. होल्डवर ठेवायला तयार आहे, पण पास तीच करणार, मी नाही. शनिवारी व्हिडिओ कॉलवर तिला स्टुडिओ शिकवायचंय. चेहऱ्याचं मी काढलं नाही, तिनेही नाही.

निवांत काका, आता एक शेवटचं विचारते. त्यात ब्लॉक करायच्या शब्दांची पण यादी देता येते ना, पण मराठीत शिव्या देणारे निम्मे लोक रोमनमध्ये टाइप करतात आणि प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. दोन्ही लिप्यांत टाकावे लागतील का? कुणाकडे अशी तयार यादी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नको. आणि त्यात ‘गूळ’ टाकू नका, मी ट्राय केलं, आईच्याच कमेंट अडकल्या.